गुद-गुदाशयाचा मेलॅनोमा : शस्त्रक्रिया

गुदनलिका व गुदाशयाचा खालचा भाग यांत रंजकपेशींपासून (रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून) होणारा दुर्मिळ कर्करोग. या भागातील कर्करोगांत त्याचे प्रमाण सु. १ टक्का. पहिली नोंद मूर यांची (१८५७) मानतात. रक्तस्राव व गाठ यांमुळे तो पुष्कळदा मूळव्याध समजला जातो. काही अर्बुदे (कर्करोगाच्या गाठी) रंगहीन असल्याने नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. मेलॅनोमा ओळखण्यास मदत करणारी एस-१००, एचएमबी-४५ ही ऊतक-रंजने करावी लागतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. दंतुर रेषेखालच्या (गुदनलिकेतील दातेरी सीमारेषेखालच्या) शल्की उपकलेत (चपट्या पेशींच्या अस्तरात) रंजकपेशी असतात, हे निर्विवाद. गुदाशयाच्या स्तंभाकार उपकलेत (उभट पेशींच्या अस्तरात) मात्र त्या सहसा आढळत नाहीत. म्हणून तेथील अर्बुद गुदनलिकेतूनच श्लेष्मकलेखालून (आतल्या ओलसर अस्तराखालून) वर सरकलेले असावे, असे जुने मत. क्लेमेन्सन व फेंगर यांनी (१९९१) रेषेच्या वरच्या, दोन्ही उपकलांमधील संक्रमण-पट्ट्यातही रंजकपेशी दाखविल्यामुळे रेषेच्या वरही स्वतंत्र उगम शक्य दिसतो, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. श्लेष्मकलेखालचा प्रसार मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. शस्त्रवैद्याच्या दृष्टीने महत्त्व त्याचेच, कारण अर्बुदाची दिसणारी कड ही खरी कड नसते.

मुख्य शस्त्रक्रिया दोन. माइल्स यांनी १९०८ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी मांडलेल्या उदर-मूलाधार छेदनात गुदाशय, गुदद्वार व परिसंकोची (गुदद्वार आवळणारे) स्नायू काढून कायमची कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढणे) करतात. गुदाशयालगतच्या लसीका ग्रंथीही त्याबरोबर निघतात. विस्तृत स्थानिक छेदनात अर्बुद व भोवतालचे थोडे निरोगी ऊतक काढतात आणि मलनियंत्रण टिकते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील ६४ वर्षांच्या ८५ रुग्णांचा आढावा (ब्रेडी व इतर, १९९५) निवडक रुग्णांत पहिल्या पद्धतीकडे झुकणारा होता, कारण दीर्घकाळ रोगमुक्त राहिलेल्यांत ती झालेले अधिक होते. त्याच संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात दोन्ही पद्धतींच्या आयुर्मर्यादेत फरक दिसला नाही. मोठ्या छेदनाने स्थानिक पुनरुद्‌भव कमी होतो असे अनेकांचे निरीक्षण आहे. पण रोग रक्तावाटे यकृत व फुप्फुसांत लवकर पोचत असल्याने आयुष्य त्या प्रमाणात वाढत नाही. तुलना जुन्या नोंदींचा मागोवा घेऊनच झाल्या आहेत आणि रुग्णांची निवड सारखी नाही, हेही लक्षात घ्यावे. त्यामुळे कड स्वच्छ मिळत असल्यास स्थानिक छेदन, आणि अर्बुद मोठे किंवा स्नायूत शिरलेले असल्यास उदर-मूलाधार छेदन, असा सध्याचा कल आहे.

जांघेतील ग्रंथी केवळ प्रतिबंध म्हणून काढल्याने लाभ सिद्ध झालेला नाही. स्थानिक छेदनानंतर काही ठिकाणी किरणोपचार देतात. पसरलेल्या रोगात निव्होलुमॅब, इपिलिमुमॅब इ. प्रतिरक्षा-औषधे वापरतात, त्वचेच्या मेलॅनोमाइतका प्रतिसाद त्यांना सहसा मिळत नाही.