कॉर्डलेस फोनवर ई-मेलची सूचना आणि मेसेंजर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सीमेन्स गिगासेट एस६७५ आयपी किंवा त्या पिढीतील इतर आयपी, म्हणजे इंटरनेटला जोडलेले, कॉर्डलेस फोन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. या फोनच्या पडद्यावर नव्या ई-मेलची सूचना मिळते आणि मेसेंजरवर लेखी संदेशही पाठवता येतात. केवळ टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या साध्या कॉर्डलेसमध्ये ही सोय नसते.

हँडसेट स्वतः इंटरनेटवर नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. राउटरला केबलने जोडलेला बेस, म्हणजे फोनचा मुख्य संच, मेल सर्व्हरकडे ठरावीक वेळाने चौकशी करतो आणि काही नवे आले असेल तर ते डेक्ट या रेडिओपद्धतीने हँडसेटला कळवतो. म्हणून सगळी जुळवणी बेसवरच, संगणकाच्या ब्राउझरमधून करावी लागते. बेसवरील पेजिंगचे (हँडसेट शोधण्याचे) बटण क्षणभर दाबल्यावर हँडसेटवर जो आयपी पत्ता दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकावा. फोन नवा असताना पिन ०००० असतो. तो बदलल्याखेरीज पुढे जाऊ नये, कारण त्याच नेटवर्कवरील कोणीही या पानावर येऊन आपल्या जोडण्या बदलू शकतो.

ई-मेलसाठी पॉप३ (मेल उतरवून घेण्याच्या पद्धतीच्या) सर्व्हरचे नाव, खात्याचे नाव, पासवर्ड आणि पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, भरावा लागतो. पोर्ट ११० वर सहसा साधी जोडणी असते व तिच्यात पासवर्ड उघड्याने जातो. ९९५ वर ती सांकेतिक होते, पण जुन्या फोनांना आजचे सुरक्षिततेचे निकष झेपतीलच असे नाही. बहुतेक ग्राहक जीमेलपाशी अडतात. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड टाकून अशी उपकरणे जोडण्याची सोय ३० मे २०२२ पासून बंद केली असून, आता आधी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे अशा उपकरणासाठीचा वेगळा पासवर्ड, गूगलकडून घ्यावा लागतो.

आमचा सल्ला असा, की मुख्य खाते फोनला जोडूच नये. सूचनांपुरते एक वेगळे खाते उघडावे आणि मुख्य खात्यात नियम लावून ऑर्डर किंवा तक्रारी यांसारख्या ठरावीक मेलच तिकडे वळवाव्यात, म्हणजे जाहिरातींनी हँडसेटचा दिवा दिवसभर लुकलुकत राहत नाही आणि बँकेचा पत्रव्यवहार स्वागतकक्षातल्या फोनवर दिसत नाही. शिवाय काही फोनांवर यादीतून मेल काढली की ती सर्व्हरवरूनही जाते. मूळ प्रत मुख्य खात्यात राहिलेली असेल तर नुकसान होत नाही. हँडसेटवर प्रामुख्याने पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय दिसतो, तेव्हा जोडपत्रांची अपेक्षा ठेवू नये. सूचना त्याच क्षणी येत नाही, पुढच्या चौकशीच्या वेळी येते.

मेसेंजरबाबत मात्र आम्ही ग्राहकांना फारसा आग्रह करत नाही. हे फोन जॅबर, म्हणजे आजच्या एक्सएमपीपी, या संदेश पाठवण्याच्या खुल्या पद्धतीने बोलतात. जुन्या माहितीपुस्तिकांत ज्या सेवांची नावे आढळतात, त्यांपैकी एआयएम १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी आणि आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद झाली. व्हॉट्सॲप या फोनवर चालत नाही. हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारला जातो. ज्या कार्यालयाचा स्वतःचा एक्सएमपीपी सर्व्हर आहे, तेथे गोदाम आणि काउंटर यांच्यात छोटे निरोप देण्यासाठी ही सोय अजूनही उपयोगी पडते. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता, खाते, पासवर्ड आणि साधारणपणे ५२२२ हा पोर्ट भरावा.

वीज गेल्यावर हँडसेट बॅटरीवर चालू दिसतो, परंतु बेस आणि राउटर बंद असल्याने सूचना थांबतात. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर ठेवावेत. जुळवणीसाठी आमचा माणूस बोलावल्यास सूचनांच्या खात्याचा पासवर्ड आपण स्वतःच टाइप करावा, आम्हाला सांगू नये.