‘उत्स्फूर्त’ आणि ‘आयत्या वेळी’: न ठरवता केलेल्या कृतीचे शब्द

भाषण रंगलं तर ते ‘उत्स्फूर्त’ असतं. फसलं, की वक्त्याने ‘आयत्या वेळी काहीतरी ठोकून दिलं’. तयारी दोन्ही वेळा नव्हतीच. शब्द निकालावरून ठरला.

‘उत्स्फूर्त’च्या मुळाशी संस्कृतातला ‘स्फुर्’ धातू आहे. त्याचा अर्थ थरथरणं, लवणं, तसंच चमकणं, एकदम प्रकट होणं. ‘शाकुंतला’त दुष्यंत आश्रमात शिरतो तेव्हा त्याचा बाहू ‘स्फुरतो’. त्याला काही सुचलेलं नसतं, दंड आपोआप फडफडतो इतकंच, आणि तो त्यात शकुन पाहतो. मराठीत अंगाचं हे न सांगता हलणं मनाकडे आलं: स्फूर्ती येणं, स्फुरण चढणं, ओळ स्फुरणं. ‘उत्’ म्हणजे वर. आतून उसळून वर आलं ते उत्स्फूर्त. (बोलताना ‘त्’ गिळला जातो, म्हणून ‘उस्फूर्त’ सर्रास लिहितात, ते चूक.) पूर्वतयारीचा या शब्दात उल्लेखच नाही. कोणी बाहेरून ढकललेलं नाही, एवढाच त्याचा दावा.

‘आयत्या वेळी’ची गंमत वेगळी. आयता म्हणजे तयार, बिनकष्टाचा. आयत्या बिळावरचा नागोबा आठवा. तोच शब्द वेळेला चिकटला की तयारी गायब होते! लॅटिनमधून आलेल्या एका शब्दाचंही असंच झालंय. ‘इम्प्रॉम्प्टू’ म्हणजे आज तयारीविना केलेलं; पण तो लॅटिन ‘इन प्रॉम्प्टू’पासून आला, आणि त्याचा अर्थ ‘हाताशी, सज्ज’. संगीतकार शूबर्टने 1827 मध्ये पियानोसाठी रचलेल्या ‘इम्प्रॉम्प्टू’ नावाच्या रचना तर चक्क स्वरलिपीत लिहून ठेवलेल्या आहेत. वक्तृत्व स्पर्धांतला ‘एक्स्टेम्पोर’ म्हणजे ‘एक्स टेम्पोरे’, त्या वेळेतूनच निघालेलं. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन असं आयत्या वेळी बोलण्याच्या कौशल्याला अभ्यासाचं सर्वांत मोठं फळ मानतो. त्याच्या लेखी ते तयारीच्या अभावाचं लक्षण नव्हतं.

‘ऐनवेळी’तला ‘ऐन’ अरबी; मूळ अर्थ डोळा, मग खुद्द, नेमका. ऐन तारुण्य, ऐन पावसाळा. पण वेळेशी जोडल्यावर त्याच्या वाट्याला बहुधा वाईटच येतं: ऐनवेळी माघार, ऐनवेळी रद्द.

उत्स्फूर्तचा मान मात्र टिकला, बातम्यांत तर अंमळ जास्तच. मोठी गर्दी जमली की ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ ठरलेलाच, मग आठवडाभर घरोघर फिरून निमंत्रणं का दिलेली असेनात.