टिळकवाडी चांगली, शहापूर-वडगाव नको?

‘टिळकवाडीत डोळे झाकून घर घ्या, शहापूर-वडगावात पावसाचं पाणी शिरतं,’ हा सल्ला बेळगावात वर्षानुवर्षं फिरतोय. बळ्ळारी नाल्याकाठचं भातशिवार पावसाळ्यात बुडतं, हे खरंच. पण ते शिवार म्हणजे सगळं वडगाव नव्हे, शहापूरची जुनी पेठ तर नव्हेच. पाणी उतार बघतं, भागाचं नाव नाही.

जुलैत मोठी सर थांबली की जिथे घर बघताय त्या गल्लीत जा. गटार कुठे वाहतं, भिंतीवर ओलीची रेघ किती उंच आहे, ते बघा. घराखालची मातीही बघा: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. शेजारच्या काकूंना विहिरीचं पाणी पावसाळ्यात कुठवर येतं ते विचारा, त्या खरं सांगतात. आणि एनए (बिगरशेती वापराची परवानगी) नसलेला प्लॉट कुठल्याच भागात घेऊ नका.