अद्भुत साहसकथांतील ख्रिस्ती रूपक

अद्भुत साहसकथांतील ख्रिस्ती रूपक : बोलणारे प्राणी, चेटकिणी, राक्षस आणि दूरदेशीचे प्रवास यांनी भरलेल्या कथेतून पाप, प्रायश्चित्त, येशूचे मरण, पुनरुत्थान, अंतिम न्याय या ख्रिस्ती कल्पना मांडण्याची इंग्रजी वाङ्मयातील रीत. सतराव्या शतकातील जॉन बन्यन आणि विसाव्या शतकातील सी. एस. लुइस हे तिचे दोन ठळक प्रतिनिधी. ‘रूपक’ हे नाव मात्र या साऱ्या लेखनाला सरसकट लावता येत नाही. लुइसने स्वतःच्या कथांसाठी ते स्पष्ट नाकारले होते.

शुद्ध रूपक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला एकनाथांच्या भारुडावरून चटकन कळते. ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हणताना नाथ विंचू कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. विंचवाला स्वतंत्र आयुष्य नाही, अर्थ काढून घेतला तर तो उरतच नाही. बन्यनचे ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) याच जातीचे आहे. परवान्याशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली होती. त्याच्या नायकाचे नावच ‘ख्रिश्चन’. पाठीवर पापाचे ओझे घेऊन तो घर सोडतो, निराशेच्या दलदलीत रुततो आणि क्रुसापाशी पोहोचताच ते ओझे आपोआप गळून पडते. पुढे ‘निराशा’ नावाचा राक्षस त्याला ‘संशय’ नावाच्या किल्ल्यात कोंडतो. अनेक दिवस मार खाल्ल्यावर ख्रिश्चनला आठवते की ‘अभिवचन’ नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. हे पुस्तक हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या पहिल्या मानल्या जाणाऱ्या मराठी कादंबरीच्या (१८५७) आधी मराठीत आलेल्या दीर्घ कथात्म गद्यात त्याचा उल्लेख नेहमी होतो. म्हणजे मराठी वाचकाची या प्रकाराशी ओळख कादंबरीइतकीच जुनी आहे.

बन्यनच्या आधी एडमंड स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ (१५९०) या काव्यात लाल क्रूस मिरवणारा सरदार अजगराशी झुंजला होता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनल्डने ‘फँटॅस्टिस’ (१८५८) लिहिले. त्यात शिकवण अशी कुठे सापडत नाही, फक्त एक पवित्र वातावरण जाणवते. सोळा-सतरा वर्षांच्या नास्तिक लुइसच्या हाती ते पुस्तक पडले. त्या वाचनाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) झाला, बुद्धीला मात्र आणखी बराच वेळ लागला, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

क्लाइव्ह स्टेपल्स लुइस (१८९८–१९६३) बेलफास्टचा. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात तो इंग्रजी साहित्य शिकवीत असे. सप्टेंबर १९३१ मधल्या एका रात्री कॉलेजमागच्या पायवाटेवर लेखक जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी त्याची दीर्घ चर्चा झाली. मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवाच्या पुराणकथा त्याला इतरत्र हेलावून टाकत, मग बायबलातली तीच कथा का टोचते, असा त्या चर्चेचा रोख होता. ही पुराणकथाच आहे, पण प्रत्यक्ष घडलेली, हे टॉल्किनचे म्हणणे त्याला पटले आणि काही दिवसांतच तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. मध्ययुगीन रूपककाव्यावरचा त्याचा ‘द अ‍ॅलेगरी ऑफ लव्ह’ (१९३६) हा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. तेव्हा ‘रूपक’ हा शब्द तो सैलपणे वापरणार नाही, हे उघड आहे.

नार्निया या कल्पित जगाच्या लुइसने लिहिलेल्या सात कथा १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाल्या. त्यांचे मूळ उपदेशात नव्हते, एका चित्रात होते. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बोकडाच्या पायांचा एक फॉन लुइसला सोळाव्या वर्षापासून डोळ्यांसमोर दिसत असे. चाळिशीच्या सुमारास त्या चित्राची गोष्ट करायला तो बसला आणि मध्येच अस्लान हा सिंह उडी मारून आत आला, असे तो सांगे. तुर्की भाषेत ‘अस्लान’ म्हणजे सिंह. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात येशूला ‘यहूदा वंशाचा सिंह’ म्हटले आहे. १९५८ मधल्या एका पत्रात लुइसने फरक नेमका मांडला. बन्यनचा राक्षस निराशेचे प्रतिनिधित्व करतो, तसा अस्लान कशाचेही प्रतिनिधित्व करीत नाही. नार्नियासारखे जग खरोखर असते आणि तिथे ख्रिस्ताला देह घ्यावासा वाटला असता तर तो कसा दिसला असता, या प्रश्नाचे तो उत्तर आहे. लुइसच्या लेखी हे रूपक नव्हे, ‘समजा’ आहे.

पहिल्या पुस्तकातील दगडी मेजाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एडमंड हा मुलगा चेटकिणीने दिलेल्या टर्किश डिलाइट या मिठाईच्या लोभाने भावंडांचा घात करतो. प्रत्येक विश्वासघातक्याच्या रक्तावर आपला हक्क आहे, हा चेटकिणीचा दावा. आणि अस्लान तो खोटा ठरवत नाही. एडमंडच्या जागी तो स्वतः जातो. चेटकिणीची माणसे त्याची आयाळ भादरतात, तोंडाला मुसके बांधतात, दोरांनी करकचून आवळतात आणि दगडी सुरीने त्याचा बळी जातो. प्रेताजवळ थांबतात त्या दोन मुली, सुझन आणि लूसी. उंदीर येऊन दोर कुरतडतात. सूर्य उगवताना मेज दुभंगते आणि अस्लान जिवंत उभा दिसतो. येशूच्या कबरीशी गेलेल्या स्त्रिया आणि त्याच्या मरणाच्या वेळी फाटलेला मंदिराचा पडदा इथे ओळखू येतात. पण चेटकिणीचा हक्काचा दावा मात्र शुभवर्तमानांतून, म्हणजे बायबलातील येशूच्या चरित्रांतून, आलेला नाही. तो चर्चच्या आरंभीच्या शतकांतील खंडणीच्या सिद्धांताची आठवण करून देतो. पापी माणसावर सैतानाचा कायदेशीर ताबा होता आणि ख्रिस्ताला गिळायला जाऊन तो फसला, असे चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी मांडत असे. मुलांच्या पुस्तकात इतके जुने धर्मशास्त्र बेमालूम जिरलेले क्वचितच सापडते.

सिंहरूपातील ईश्वर म्हटल्यावर आपल्याकडे नृसिंह आठवणारच, पण साम्य फार पुढे जात नाही. नृसिंह भक्तासाठी हिरण्यकशिपूला फाडतो. अस्लान आधी अपराध्यासाठी स्वतः मरतो आणि मगच रणात चेटकिणीवर झेप घेतो.

तिसऱ्या कथेतील युस्टेसचा प्रसंग याहूनही सरस उतरला आहे. हा कुरकुऱ्या, स्वार्थी मुलगा मेलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यावर हावरट विचार करीत झोपतो आणि स्वतःच ड्रॅगन होऊन उठतो. कात टाकावी तशी आपली कातडी तो तीनदा उतरवतो, तरी खाली तीच खवलेदार कातडी. शेवटी सिंह नखे खोल रुतवून ती सोलून काढतो आणि उघड्यानागड्या पोराला पाण्यात फेकतो. बाप्तिस्मा हा शब्द कुठेही येत नाही. याच कथेच्या अखेरीस किनाऱ्यावर मासे भाजत बसलेले एक कोकरू मुलांना न्याहारीला बोलावते. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्यांना तसाच बोलावतो. कोकराचा सिंह होतो आणि तो सांगतो, तुमच्या जगात माझे नाव वेगळे आहे, ते ओळखायला शिका. ते नाव कोणते, हे सातही पुस्तके सांगत नाहीत. सृष्टीची उत्पत्ती आणि पापाचा प्रवेश ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये, तर ख्रिस्तविरोधकाचे आगमन आणि जगाचा अंत ‘द लास्ट बॅटल’मध्ये येतो.

टॉल्किनचा मार्ग निराळा होता. तो कट्टर कॅथलिक. रूपककथेचा तिटकारा त्याने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत उघड बोलून दाखवला. रूपकात लेखकाची सक्ती असते, वाचकाला मोकळीक हवी, हे त्याचे म्हणणे. तरी आपली कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे त्याने १९५३ मध्ये एका धर्मगुरूला लिहिले होते. त्या कथेतील दुष्ट अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, देवदूताने मरियेला संदेश दिल्याच्या सणाच्या दिवशी. लक्षात आले तर आले, नाही तर कथेचे काही अडत नाही. नार्निया त्याला रुचली नाही.

आक्षेप श्रद्धाळूंनीही घेतले आणि नास्तिकांनीही. इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन हा सर्वांत तिखट टीकाकार. लिपस्टिक आणि पार्ट्यांत रमलेली सुझन शेवटच्या कथेत नार्नियाबाहेर राहते, हे त्याला वाढत्या वयाची शिक्षा वाटते. फेटे बांधणारे, सावळ्या वर्णाचे कॅलोर्मेन लोक आणि त्यांचा चार हातांचा, गिधाडाच्या डोक्याचा देव ताश वाचताना भारतीय वाचक अवघडतो, आणि ते रास्तच आहे. पण याच पुस्तकात ताशची निष्ठेने भक्ती करणाऱ्या एमेथ या कॅलोर्मेन सैनिकाला अस्लान जवळ करतो आणि त्याची सेवा आपल्याला पोहोचली असे म्हणतो. गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘येऽप्यन्यदेवता भक्ताः’ आठवावे असा हा क्षण. फरक असा की अस्लान आणि ताश एक असल्याचे लुइस ठामपणे नाकारतो. दोघे परस्परविरोधी आहेत, म्हणूनच कोणतीही चांगली कृती ताशला पोहोचू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘एमेथ’ हा हिब्रू शब्द, अर्थ ‘सत्य’.

रविवारच्या शाळेत देवाविषयी भावना ‘वाटायलाच हवी’ अशी सक्ती होते आणि म्हणून ती वाटत नाही, हा लुइसचा बालपणीचा अनुभव. त्या सक्तीच्या पहारेकरी ड्रॅगनांची नजर चुकवून कथा आत शिरू शकते, असे त्याने १९५६ मध्ये लिहिले. ही युक्ती कधी जरा जास्तच साधे. १९५५ मध्ये अमेरिकेतील एका आईने त्याला कळवले की माझा लहान मुलगा घाबरला आहे, आपण येशूपेक्षा अस्लानवर जास्त प्रेम करतो असे त्याला वाटते. लुइसने लगेच उत्तर धाडले. अस्लानने केलेल्या ज्या गोष्टी मुलाला आवडतात त्या येशूनेच केलेल्या आहेत, म्हणून ते प्रेम येशूलाच पोहोचते. आणि सिंहाचे अंग त्याला जास्त आवडत असेल, तर लहान मुलाची कल्पनाशक्ती कशी चालते हे देवाला ठाऊक आहे, त्यानेच ती घडवली आहे.