श्रीलंकेच्या सहलीसाठी बॅग भरताना : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सांगलीहून श्रीलंकेला निघणाऱ्या प्रत्येक गटाला आम्ही सहलीच्या साधारण तीन आठवडे आधी हे पत्रक देतो. विमानाच्या वेळा, हॉटेलांची नावे आणि रोजचा कार्यक्रम आपल्याला वेगळ्या कागदावर मिळालेला आहे. येथे फक्त बॅगेचा विचार केला आहे. तीन आठवडे आधी देण्याचे कारण असे की, बॅग आदल्या रात्री भरली तरी चालते, पण तीत काय भरायचे हे आदल्या रात्री ठरवू नये.

आपल्याकडील उन्हाळ्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, उलट ती फसवते. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्यामुळे कोलंबोचे ३१-३२ अंश तापमान ऐकून अनेक जण निर्धास्त होतात. परंतु आपला उन्हाळा कोरडा असतो. सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारच्या जेवणाआधी कडक वाळते आणि अंगावरचा घामही तसाच उडून जातो. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हवा बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम अंगावरच राहतो, धुतलेला कपडा रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी शिवणीपाशी ओला लागतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाच-सहा दिवसांत पांढरी बुरशी दिसू लागते. तेव्हा कोणतीही वस्तू बॅगेत टाकण्यापूर्वी ‘ती उन्हात चालेल का’ याऐवजी ‘ती ओली झाल्यास कधी वाळेल’ असा प्रश्न विचारावा.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतः घेतला आहे. पहिल्यांदा पाहणीसाठी गेलो असता गॉलच्या किल्ल्याच्या तटावर पावसाने गाठले आणि अंगावरची जीन्स चिंब भिजली. दुसऱ्या दिवशी ती ओली होती, तिसऱ्या दिवशी हॉटेल बदलायचे असल्याने तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबावे लागले आणि चौथ्या दिवशी बॅग उघडली तेव्हा कुबट वास केवळ जीन्सला नव्हे, तर शेजारच्या कोऱ्या सदऱ्यांनाही लागलेला होता. तेव्हापासून आमच्या गटातील प्रवाशांना आम्ही जीन्स नेऊच नये असे स्पष्टपणे सांगतो. प्रवासात घातलेली एक असेल तर हरकत नाही.

कपडे

पातळ सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचे, सैल आणि फिक्या रंगाचे कपडे सर्वांत सोयीचे पडतात. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते आणि निव्वळ नायलॉन अंगाला चिकटते. आठ दिवसांच्या सहलीसाठी आठ जोड नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या मते चार किंवा पाच जोड, कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी, दोन मीटर नायलॉनची दोरी आणि दहा-बारा चिमटे एवढे पुरते. अंतर्वस्त्रे आणि मोजे मात्र दिवसाला एक याप्रमाणे घ्यावेत, कारण त्याच वस्तू सर्वांत उशिरा वाळतात.

टॉवेलबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. जाड टर्किश टॉवेल बॅगेची चौथाई जागा खातो आणि एकदा भिजला की सहल संपेपर्यंत वाळत नाही. त्याऐवजी घरचा पंचा न्यावा. अंघोळीनंतर अंग पुसायला, समुद्रावर खाली अंथरायला, बसमध्ये वातानुकूलन अंगावर येऊ लागले की खांद्यावर घ्यायला आणि मंदिरात उघडे गुडघे झाकायला तो उपयोगी पडतो. शिवाय पिळून झटकला की दोन तासांत अंगावर घेण्याजोगा होतो. मऊ पडलेला जुना पंचा नव्यापेक्षा बरा.

साडी नेसणाऱ्या भगिनींनी पातळ सुती पाचवारी अवश्य न्यावी. मात्र सिगिरियाचा कडा चढताना सुमारे १,२०० पायऱ्या आहेत, त्यातल्या काही लोखंडी व अरुंद असून वर वारा जोराचा असतो, म्हणून त्या दिवशी सलवार-कमीज असावी.

मंदिरांसाठी वेगळा विचार करावा लागतो. कँडी येथील दंतधातूच्या (बुद्धाच्या दाताच्या अवशेषाच्या) मंदिरात, म्हणजे दळदा मालिगावात, स्त्री-पुरुष दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. चपला आणि टोपी बाहेर काढावी लागते. अर्धी विजार हा आपल्या तरुण मंडळींचा सहलीचा गणवेश झाला आहे, तेव्हा त्यांनी एक पूर्ण लांबीची विजार हातातल्या पिशवीत ठेवावी. डांबुलाच्या लेण्यांपुढचे अंगण आणि अनुराधापुरातील स्तूपांभोवतीची फरसबंदी दुपारी अशी तापते की अनवाणी चालणारा माणूस नाचूच लागतो. मोजे घालून चालता येते, म्हणून एक जाड जोड याच कामासाठी वेगळा ठेवावा. बुद्धाचे चित्र छापलेला टी-शर्ट किंवा पिशवी कृपया घरीच ठेवावी. आपला हेतू भक्तीचा असला तरी तेथे तो अनादर समजला जातो आणि त्यावरून पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकते.

पाऊस आणि थंडी

श्रीलंकेत एकाच वेळी सगळीकडे एकसारखा पाऊस नसतो. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पाडतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली बव्हंशी कोरडे असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य वाऱ्यांमुळे हेच चित्र उलटते. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे पाटण आणि आटपाडीत जो फरक आपण पाहतो, त्याचाच हा प्रकार आहे. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन्ही मोसमांच्या मधला काळ असतो आणि दुपारनंतर गडगडाटासह जोरदार सर बहुतेक ठिकाणी येते. यासाठी घडीची छत्री पुरेशी आहे. रेनकोटात पाऊस बाहेर राहतो, पण आत घामाने तेवढेच भिजायला होते.

नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही, जिची उंची १,६४६ मीटर आहे, उंच. महाबळेश्वरचा डिसेंबर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना रात्रीच्या गारठ्याची कल्पना येईल. हॉर्टन प्लेन्स हे पठार तर २,१०० मीटरहून उंच असून तेथे पहाटे जावे लागते. म्हणून एक स्वेटर आणि कानटोपी घ्यावी. ब्लँकेट नेण्याची गरज नाही. ओल्या जंगलाची फेरी कार्यक्रमात असेल तर जळवांची तयारी ठेवावी. पावसाळ्यात चांदोलीला किंवा कोयनेच्या बाजूला गेलेल्यांना त्या नव्या नाहीत. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि मिठाची लहान पुडी खिशात असावी.

ऊन, समुद्र आणि डास

सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर कोलंबो ७ अंशांवर. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. समुद्रावरील वाऱ्यामुळे ऊन लागत नाही असा भास होतो आणि रात्री खांदे भाजल्यासारखे होतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. लांब बाह्यांचा पातळ सदरा मात्र त्याहूनही भरवशाचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त असल्याचे जाहीर केले, परंतु डेंग्यू तेथे आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री उशाशी ठेवलेल्या अगरबत्तीवर विसंबू नये. डास टाळणारे मलम सकाळी बाहेर पडतानाच लावावे. सनस्क्रीन आधी आणि हे मलम नंतर, असा क्रम ठेवावा.

समुद्रात उतरताना सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवाव्यात, कारण पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी केव्हा निसटली ते कळत नाही. किंबहुना ठसठशीत दागिने घरी ठेवून साधे, लहान मंगळसूत्र घालून यावे, अशी आमची विनंती आहे.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर बाष्प जमते. अशा वेळी तो पुसत बसण्याऐवजी पिशवीतच पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावा. नव्या बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवाव्यात.

खाऊ

या विषयावर आमचा आणि प्रवाशांचा नेहमी प्रेमाचा वाद होतो. भडंग हलके असते पण जागा फार घेते, तरीही ते न नेण्याचा सल्ला देण्याचे धाडस आम्ही करत नाही. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, कंदी पेढे हे सारे मोठ्या बॅगेत चालते. तेल सुटणारे लोणचे आणि तूप हे विमानाच्या नियमांत द्रव समजले जातात आणि हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. ताजी द्राक्षे, फुले, रोपे किंवा बियाणे नेऊ नये.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र दोन्हीपैकी कोणत्याही बॅगेत ठेवू नयेत. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते. काडेपेटीही घरीच ठेवावी. एका गटातील आजींची बॅग विमानतळावर उघडली गेली ती दोन वाट्या खोबऱ्यासाठी. आजींनी वाट्या तर दिल्याच, वर तपासणाऱ्या मुलीला पेढाही दिला.

वीज, औषधे आणि वजन

तेथील विद्युतदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, परंतु नव्या हॉटेलांत चौकोनी पिनांचे सॉकेट असते आणि आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. घरटी एक ॲडॉप्टर आणि चार सॉकेटचा एक एक्स्टेंशन बोर्ड नेला की सर्वांचे फोन एकाच वेळी चार्ज होतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवण्यास मनाई आहे, ती हातातल्या बॅगेतच हवी. तिची मर्यादा १०० वॉट-तास आहे; नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते. आकडे पुसले गेले असतील तर अधिकारी ती ठेवून घेऊ शकतात.

नियमित औषधे मूळ स्ट्रिपसह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते, त्यामुळे ते कधीही मोठ्या बॅगेत देऊ नये. कँडी ते नुवारा एलिया हा रस्ता आंबेनळी घाटासारखा वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी आपली गोळी जवळ ठेवावी.

परत येताना चहा आणि दालचिनी प्रत्येक जण आणतो, म्हणून जाताना बॅग पूर्ण भरू नये आणि तळाशी घडीची एक रिकामी पिशवी ठेवावी. प्रवाळाचे तुकडे मात्र कोणी विकत असले तरी घेऊ नयेत. ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

बॅगेचे वजन घरी करताना आधी काट्यावर स्वतः उभे राहावे, मग बॅग हातात घेऊन पुन्हा उभे राहावे आणि दोन आकड्यांतला फरक घ्यावा. हातातल्या बॅगेला बहुतेक विमान कंपन्या ७ किलोची मर्यादा लावतात. मोठ्या बॅगेची मर्यादा आपल्या तिकिटावर छापलेली असते. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी निघण्याच्या आधीच्या शनिवारी सायंकाळी बॅग घेऊन कार्यालयात यावे. आमच्याकडे हुकाचा काटा आहे, आणि काही काढावे लागले तर त्या वस्तू आपण परत येईपर्यंत आम्ही कपाटात सांभाळून ठेवतो.