फरसबीला कोकणातला श्रावण सोसत नाही

कोकणात परसात फरसबी लावताना पहिली चूक होते ती तिच्या दुसऱ्या नावामुळे. मीही ती केली. पाकिटावर ‘श्रावणघेवडा’ असं छापलेलं होतं, म्हणून आषाढ सरता सरता विहिरीजवळच्या वाफ्यात बी टोकलं. आठवड्यानं माती उकरून पाहिलं तर दाणे फुगून बुळबुळीत झालेले. चिमटीत धरताच साल सुटून हातात येत होती. गडग्यापलीकडून काकू म्हणाल्या, “अगो, भात कापून झाल्याशिवाय फरसबी लावतात होय?”

त्यांना जे सहज ठाऊक होतं, त्यामागे बराच मोठा प्रवास आहे.

श्रावणघेवडा हे नाव घाटावरचं. सातारा-पुण्याच्या पट्ट्यात पाऊस बेताचा, जमीन निचऱ्याची. तिथे जूनमध्ये पेरलेला घेवडा पन्नास-साठ दिवसांत, म्हणजे ऐन श्रावणात, तोडणीला येतो. साताऱ्यातल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा याच जातकुळीतला. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फरसबीची कोवळी शेंग, वाघ्याचा दाणा आणि बाजारातला राजमा ही तिन्ही एकाच वनस्पतीची रूपं आहेत, हे आपल्याकडे अजून अनेकांना नवल वाटतं. घाट उतरून खाली आलं की हाच श्रावण वेगळा होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि खाली जांभ्याची आम्ल माती. फरसबीच्या मुळांना साचलं पाणी दोन दिवसही सोसत नाही.

सोसणार तरी कसं? तिचं माहेर मेक्सिको आणि पेरूकडच्या डोंगराळ भागातलं. या दोन्ही ठिकाणी माणसानं तिला वेगवेगळं, स्वतंत्रपणे लागवडीखाली आणलं. मेक्सिकोकडे मका, भोपळा आणि घेवडा एकाच शेतात लावायची जुनी रीत आहे. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात. मला यात गंमत वाटते ती अशी, की यातला मका आणि लाल भोपळा आमच्या ऋषिपंचमीच्या भाजीत कधीच जाऊन बसले. पावसाळा त्यांना मानवला. या तिघींतली तिसरी बहीण, म्हणजे फरसबी, मात्र आमच्या घरच्या त्या पातेल्यात मी लहानपणी कधी पाहिली नाही.

कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर हे बी युरोपात गेलं आणि सोळाव्या शतकात तिथल्या बागांत रुळलं. तिथे त्यानं चवळीचं नाव घेतलं. ज्या ‘फेसिओलस’ शब्दानं जुने रोमन लोक चवळीला ओळखत, तोच शब्द 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं या अमेरिकी पाहुणीच्या शास्त्रीय नावात कायम केला. आपणही तेच केलं. घेवडा म्हणजे मुळात वाल-पावट्याच्या कुळातली वेलाची शेंग. नवी आली तिला श्रावण जोडून तेच नाव दिलं. ‘फरसबी’ हे किनाऱ्यावरचं, मुंबईकडचं नाव मात्र ‘फ्रेंच बीन’ जिभेवर घोळून झालेलं. त्यातून साहेबाच्या बागेचा वास येतो. महाबळेश्वरचं थंड हवेचं ठाणं 1828-29 च्या सुमारास वसलं, आणि अशा गावांभोवती विलायती भाज्यांचे मळे उभे राहिले.

कोकणच्या परसाला शेंगांची उणीव कधीच नव्हती. पावसात चवळी, वईवर म्हणजे कुंपणावर अबईच्या शेंगा, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. रायगडात थंडीत पोपटी लागते ती याच वालाच्या शेंगांची, भांबुर्डीच्या पाल्यात, मडक्यात भाजलेली. वालाचं मूळ खोल जातं आणि त्यावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे तो फारसं काही मागत नाही. फरसबी त्याच कुळातली असून गाठी धरण्यात कच्ची. तिला शेणखत हाताशी लागतं. दापोलीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. तिथून ‘कोकण भूषण’ नावाचा वाल आला. ही निवड मला अगदी योग्य वाटते. जे इथलं आहे, त्यावर आधी काम व्हायला हवं.

तरीही फरसबी परसात आली, आणि ती आणली झुडपी जातींनी. मांडव नको, काठी नको, दोन महिन्यांत भाजी. अमेरिकेतली ‘कंटेंडर’ आणि आपल्याकडे क्ष-किरणांच्या प्रयोगातून निघालेली ‘पुसा पार्वती’ ही नावं बियाण्याच्या दुकानात हमखास ऐकू येतात. दुसरा बदल शिरांचा. जुन्या शेंगेचं देठ मोडून ओढलं की कडेनं दोरा निघायचा. आजी भाजी निवडायला बसली की तिच्या मांडीवर अशा दोऱ्यांचा गुंता साठायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅल्विन कीनी यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनशिरेच्या जाती निवडून काढल्या. त्यातली एक बर्पी या बियाण्याच्या कंपनीनं 1894 मध्ये विक्रीला आणली. आजची शेंग कटकन मोडते, ती या कामामुळे.

आमच्याकडे फरसबीचा मोसम दिवाळीनंतरचा. पंधरा ते पंचवीस अंशांची हवा तिला मानवते, आणि किनाऱ्यावर पहाटे-संध्याकाळी तेवढा गारवा काय तो मार्गशीर्ष-पौषातच मिळतो. पाणी शिंपायचं ते सकाळी, बुंध्याशी. मावा दिसला की चुलीतली राख. फाल्गुनात ऊन चढलं की फुलं शेंग न धरताच गळतात, पांढऱ्या पाकळ्या वाफ्यात पडलेल्या दिसतात. तेव्हा झाड उपटायचं. त्याआधी खालच्या चार-सहा शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. काकूंनी त्या वर्षी दिवाळीत मला मूठभर बी दिलं, राखेत घोळून बरणीत ठेवलेलं. तेच आता माझ्याकडे आहे.