कडक बुश म्हणजे जास्त पकड? नाही!

कंट्रोल आर्म म्हणजे अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, आणि बुश म्हणजे त्यांच्या टोकांच्या सांध्यात बसणारी रबराची किंवा प्लास्टिकची गादी. मागचे कंट्रोल आर्म बदलताना ‘दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुशच घ्या, जितकं कडक तितकं चांगलं’ हा सल्ला मुंबईतले मसल कारवाले (दमदार इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन) वर्षानुवर्षं एकमेकांना देत आलेत. तो अर्धाच खरा आहे.

१९७९ ते २००४ च्या बहुतेक फोर्ड मस्टँग गाड्यांमध्ये मागचा अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) चार आर्मवर धरलेला असतो, त्यातले वरचे दोन तिरके. वळणावर गाडी कलली की प्रत्येक आर्मला पीळ बसतो. कंपनीच्या मूळ बुशचं रबर तो पीळ सोसतं. जाड पेटीसारखा आर्म आणि दोन्हीकडे कडक बुश लावले की पिळायला जागाच उरत नाही. सस्पेन्शन अडकतं आणि मागची चाकं अचानक सुटतात. पावसाळ्यात ओल्या मरीन ड्राइव्हच्या वळणावर हे जिवावर बेतू शकतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

सरळ रेषेत सुसाट सुटायला कडक खालचे आर्म खरंच कामी येतात. पण एका टोकाला रबर किंवा फिरणारा गोल सांधा हवाच. वरच्या आर्मना तर रबरच ठेवा. गोल सांधे आवाज करतात, चिखलाने लवकर झिजतात.

२०१६ पासून काही वर्षं भारतात अधिकृतपणे विकलेल्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं. तिला हे आर्म बसतच नाहीत.